ग्रेप की रिपग्रेप?

हजारो फायलींच्या प्रकल्पात एखादं फंक्शन कुठे कुठे वापरलंय, हे टर्मिनलमध्ये शोधायला दोन मोफत, मुक्तस्रोत साधनं आहेत. ग्रेप हे जुनंजाणतं. केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं आणि १९७३ पासून युनिक्ससोबत असलेलं. रिपग्रेप २०१६ मधलं, अँड्र्यू गॅलंट यांनी रस्ट भाषेत लिहिलेलं.

एकच मोठी फाईल चाळायची असेल, तर ग्रेपची ग्नू आवृत्तीही भलती वेगवान आहे. फरक पडतो तो अख्खं फोल्डर धुंडाळताना. रिपग्रेप प्रोसेसरच्या अनेक कोअर्सना एकाच वेळी कामाला लावतं. शिवाय ते मुळात कामच कमी करतं: गिटइग्नोरच्या यादीतल्या फायली, लपवलेल्या फायली आणि बायनरी फायली परस्पर गाळतं. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात ‘नोड मॉड्यूल्स’चं अवाढव्य फोल्डर बहुधा त्या यादीत असतंच, ते वगळलं की निम्मी लढाई जिंकली.

मेख इथेच आहे. पासवर्ड ठेवलेली, टिंबाने सुरू होणारी ‘एन्व्ह’ फाईल रिपग्रेप डीफॉल्टनुसार उघडतच नाही. उत्तर कोरं येतं आणि मजकूर नाहीच, असा समज होतो. अशा वेळी ‘यू’ हा पर्याय तीनदा जोडावा. सगळ्या गाळण्या बंद होतात.

मग निवडायचं काय? स्वतःच्या मशीनवर, मोठ्या कोडसाठी रिपग्रेप. व्हीएस कोडचा शोधसुद्धा आतून तेच वापरतो. मात्र अनोळखी सर्व्हरवर किंवा इतरांना द्यायच्या स्क्रिप्टमध्ये ग्रेपच बरं, कारण ते बहुतेक ठिकाणी आधीपासून असतं.