गाडी उंच केली, चाके का सरकली?

खडबडीत वाटांवर गाडी नेता यावी म्हणून काही हौशी मालक मूळच्या स्प्रिंगा काढून जास्त लांबीच्या बसवतात. समजा, गाडी ५० मि.मी. उंच झाली. आता ती मागून पाहिली, तर एका बाजूचे चाक थोडे बाहेर आलेले आणि दुसऱ्या बाजूचे आत गेलेले दिसू शकते. स्प्रिंग तर गाडीला सरळ वर उचलते. मग चाके आडवी कशी सरकली? उत्तर पायथागोरसच्या प्रमेयात आहे.

काही गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलला जोडलेली असतात. ट्रकचे पाटे ॲक्सलला जागच्या जागी धरून ठेवतात. गुंडाळीच्या स्प्रिंगेला ते जमत नाही. वळणावर ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा दांडा बसवतात. त्याचे एक टोक ॲक्सलला, तर दुसरे विरुद्ध बाजूला गाडीच्या सांगाड्याला असते. एका जुन्या फ्रेंच मोटार कंपनीवरून याला ‘पॅनहार्ड दांडा’ म्हणतात. सुझुकीच्या जिम्नीत किंवा २००५ ते २०१४ या काळातील फोर्ड मस्टँगमध्ये मागे असा दांडा आढळतो.

दांड्याची लांबी बदलत नाही. त्यामुळे सांगाडा वरखाली झाला की ॲक्सलकडचे टोक सांगाड्याच्या दृष्टीने वर्तुळाच्या कंसावर फिरते. दांडा जितका तिरपा, तितके त्याचे आडवे अंतर कमी.

दांडा १००० मि.मी. लांब आणि अगदी आडवा आहे असे धरू. सांगाडा ५० मि.मी. वर गेला, तर आडवे अंतर ९९८.७५ मि.मी. होईल; म्हणजे ॲक्सल फक्त सव्वा मि.मी. सरकेल. पण मुळातच दांड्याचे सांगाड्याकडील टोक ६० मि.मी. वर असेल, तर उचलल्यावर ते ११० मि.मी. वर जाईल आणि ॲक्सल सुमारे सव्वाचार मि.मी. सरकेल. उंची तितकीच वाढली, पण परिणाम तिप्पटीहून अधिक!

हे वर्गात सहज दाखवता येते. पुठ्ठ्याची २० सें.मी. लांबीची पट्टी घ्या. एक टोक टाचणीने फळ्यावर पक्के करा. दुसरे टोक आडव्या रेषेपासून २, ४ आणि ६ सें.मी. वर नेऊन आडवी सरक मोजा. ती साधारण १, ४ आणि ९ मि.मी. येईल. वर्गसंख्यांचा क्रम विद्यार्थी स्वतःच ओळखतील.

आता दुरुस्ती. लांबी कमीजास्त करता येईल असा दांडा बसवतात. गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी हवी. जॅकवर चाके लोंबकळत असतील, तर दांड्याचा कोनच वेगळा असतो. दोन्ही मडगार्डांवरून ओळंबा सोडून चाकाच्या रिमपर्यंतचे अंतर मोजतात. दोन्ही अंतरांतील फरकाच्या निम्मी ही ॲक्सलची सरक. आपल्या उदाहरणात दांडा सुमारे ४.२ मि.मी. लांब केला की ॲक्सल मध्यावर येतो. टोकांच्या रबरी बुशचे बोल्टही गाडी चाकांवर असतानाच पक्के आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते.

पण एवढ्याने काम संपले असे आम्हाला वाटत नाही. लांबी सुधारली, तरी दांडा तिरपाच राहिला. पूर्वी १० मि.मी.च्या धक्क्याला ॲक्सल ०.६ मि.मी. आडवा हलत असे. आता तो १.१ मि.मी. हलेल. उभ्या गाडीत हा दोष दिसत नाही. खडबडीत वळणावर वेगात असताना मात्र गाडीची मागची बाजू जास्त डुलते. म्हणून सांगाड्याकडील टोक भक्कम ब्रॅकेट लावून ५० मि.मी. खाली घेणे अधिक चांगले. तसे केले की मूळचा कोन परत येतो आणि मूळची लांबीही पुरते. मात्र लांब ब्रॅकेटवर वाकवणारा जोर वाढतो. ते कच्चे असेल तर धोका अधिकच.

ही सरक जवळजवळ टाळणारी जोडणीही आहे. जेम्स वॅटने १७८४ साली वाफेच्या इंजिनासाठी तिचे पेटंट घेतले. तीन दांड्यांच्या या रचनेत मधला बिंदू जवळजवळ सरळ रेषेत फिरतो. काही मोटारींच्या मागच्या ॲक्सलसाठी तीच वापरली गेली आहे.

शेवटी विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्या : ॲक्सलला पुढेमागे धरणारे दांडेही असतात. गाडी उंच केल्यावर त्यांचे काय होईल? पट्टी आणि टाचणी हाताशी असेल, तर उत्तर त्यांना सापडेलच.