गावरान भेंडी : भाजीसाठी आणि बियाण्यासाठी

भेंडी ही कपाशी, अंबाडी व जास्वंद यांच्या कुळातील भाजी. परसदारी थोडी जागा आणि दिवसभर ऊन असले, की ती सहज येते. बियाण्याची पाकिटे बाजारात मिळू लागल्यापासून मात्र घरोघरी राखलेले गावरान बी मागे पडत चालले आहे. कोकणात व गोव्यात पावसाळ्यात होणारी सात शिरांची भेंडी ही अशा वाणांपैकीच एक. असे वाण कोणी ठरवून नष्ट करीत नाही. एखाद्या वर्षी बी धरावयाचे राहून जाते आणि त्या घरापुरता तो वाण संपतो. संकरित भेंडीचे बी धरून पेरल्यास पुढील पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत. गावरान वाणाचे बी मात्र नीट राखल्यास वर्षानुवर्षे तोच गुण देते.

लागवड जून-जुलैत किंवा उन्हाळी भाजीसाठी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत करावी. थंडीत बी उगवत नाही. कुजलेले शेणखत मिसळून, रात्रभर भिजविलेले बी सुमारे एक इंच खोल, दोन झाडांत एक फूट अंतर ठेवून टोकावे. सोटमूळ दुखावत असल्याने रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत. दीड महिन्यात फुले येतात. फूल उमलल्यापासून चार-सहा दिवसांत फळ तोडावे व दिवसाआड तोडणी चालू ठेवावी. गावरान भेंडी लवकर जून होते.

या वाणांची खरी दुखरी बाजू म्हणजे हळद्या रोग. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पुढे फळेही पिवळी व निबर होतात. मुंबई इलाख्यात १९२४ साली नोंदलेला हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरविते. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये प्रसारित केलेली ‘परभणी क्रांती’ ही जात या रोगाला तोंड देण्यासाठीच भेंडीच्या एका जंगली नातलगाशी संकर करून तयार केली गेली. जुन्या वाणांत ही ताकद सहसा नसते. म्हणून रोगट झाड दिसताच उपटून जाळावे व पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. रोगट झाडाचे बी कधीही धरू नये.

बियाण्यासाठी पाच-सहा निरोगी झाडे आरंभीच निवडून त्यांना दोरा बांधावा. एकाच झाडावर विसंबल्यास वाणातील विविधता आटते. भेंडीचे फूल स्वतःच्या परागाने फळू शकते. पण मधमाश्या शेजारच्या जातीचे पराग आणतात. प्रमाणित बीजोत्पादनात याकरिता २०० मीटरचे अंतर राखतात. परसबागेत ते कोठून आणणार? त्याऐवजी उद्या उमलणाऱ्या कळीवर आदल्या सायंकाळी पातळ कापडाची पिशवी बांधावी. फूल एकच दिवस टिकते. ते मिटल्यावर पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. अशी फळे भाजीसाठी मुळीच तोडू नयेत. फळे पिकू लागली की झाडाचा बहर मंदावतो, हे गृहिणींनी आधीच धरून चालावे. भाजीची झाडे म्हणूनच वेगळी ठेवावीत.

साधारण महिनाभराने फळ वाळून शिरांवर तडकू लागते. ते काढून बी सावलीत आणखी वाळवावे, पोचट दाणे निवडून टाकावेत आणि कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावे. बाटलीवर वाणाचे नाव व वर्ष लिहावे. मूठभर बी शेजारी किंवा माहेरी अवश्य द्यावे, म्हणजे एका घरचे पीक हळद्याने गेले तरी त्याच वाणाचे बी पुन्हा मागून आणता येते.