पिल्लांच्या शेडमधील गॅस ब्रूडर : उष्णता आणि हवा यांचा हिशेब

अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर असे आहे) संगमनेर, पारनेर आदी तालुक्यांत कुक्कुटपालन हा शेतीला जोडून चालणारा व्यवसाय म्हणून स्थिरावला आहे. हिवाळ्यात पठारावरील रात्रीचे तापमान १२ अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरते. उलट एक दिवसाच्या पिल्लाला ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते; कारण पहिले दोन आठवडे स्वतःच्या शरीराचे तापमान राखण्याची शक्ती त्याच्या ठायी पुरेशी नसते. ही वीस-बावीस अंशांची तूट भरून काढण्यासाठी पूर्वी कोळशाची शेगडी किंवा विजेचे दिवे वापरीत. विजेचा भरवसा नसलेल्या ठिकाणी आता सिलिंडरवर चालणारा, उचलून नेता येणारा गॅस ब्रूडर वापरात आला आहे. साधन सोयीचे खरे. परंतु त्याला धुराडे नसते. ज्वलनातून जे निर्माण होते ते सर्व शेडमध्येच राहते, ही गोष्ट त्याच्या वापराचा विचार करताना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

सुमारे ५ किलोवॉट शक्तीचा एक ब्रूडर घेऊ. तो ताशी सुमारे ४०० ग्रॅम गॅस जाळतो. त्यातून ताशी १.२ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ६५० ग्रॅमच्या जवळपास पाण्याची वाफ तयार होते. दहा तासांच्या रात्रीत एका ब्रूडरमधून सहा लिटरांहून अधिक पाणी शेडच्या हवेत मिसळते. पडदे घट्ट बंद असतील तर त्यातील बराचसा भाग थंड पत्र्यावर साचून खालच्या तुसावर टपकतो. तूस ओले झाले की अमोनिया सुटू लागतो. सकाळी शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरतात त्याचा दोष केवळ विष्ठेला देणे म्हणूनच बरोबर नाही.

ज्वलनाला रासायनिक दृष्ट्या ताशी सुमारे ५ घनमीटर हवा पुरते. एवढी हवा फटींतूनही येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राखायचे, तर एका ब्रूडरमागे ताशी सुमारे २५० घनमीटर ताजी हवा यावी लागते. म्हणजे पन्नासपट; पिल्लांच्या श्वसनाची गरज याहून निराळी. ही सारी हवा १२ अंशांवरून ३३ अंशांपर्यंत तापवावी लागली, तर ब्रूडरची जवळजवळ एकतृतीयांश उष्णता तिच्यातच खर्ची पडते. गॅस वाचवू पाहणारा शेतकरी पडदे आवळतो तो नेमका हा एकतृतीयांश वाचवण्यासाठी. पण तो भाग वाया जाणारा नव्हे. ती हवेची किंमत आहे. हवा अपुरी पडली, किंवा तुसाची धूळ बसून बर्नरची छिद्रे बुजली, की ज्योत निळी न राहता पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला वास नाही, रंग नाही; रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जखडला जातो. म्हणून दर तुकडीनंतर बर्नर साफ करणे हे टापटिपीचे नव्हे, सुरक्षिततेचे काम होय.

हवा कोठून खेळवावी हेही महत्त्वाचे आहे. जळालेला उष्ण वायू वर चढतो. तेव्हा पडदा खालून वर ओढून माथ्याशी वीतभर फट ठेवणे योग्य. न जळालेला गॅस मात्र हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. शेडच्या बाजूंना फूट-दीड फूट उंचीची भिंत व तिच्यावर जाळी असते. गळालेला गॅस या भिंतीआड, तुसाच्या पातळीवर साचतो आणि वरच्या फटीचा त्याला उपयोग होत नाही. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास झाले तरी ठिणगी पुरते. यास्तव सिलिंडर शेडबाहेर, सावलीत, उभा ठेवावा. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. वास आला तर प्रथम सिलिंडर बंद करावा, जमिनीलगतचे दार उघडावे आणि विजेच्या बटणाला हात लावू नये.

पहाटे ज्योत मंदावते, ही तक्रार नेहमीची. या गॅसमध्ये प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असते. १० अंशांवर प्रोपेनच्या वाफेचा दाब वातावरणाच्या सहापट, तर ब्यूटेनचा जेमतेम दीडपट असतो. प्रोपेन आधी उडून जातो. उरलेला द्रव ब्यूटेनप्रधान होतो. शिवाय द्रवाची वाफ होताना लागणारी उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून यावी लागते, आणि द्रवाची पातळी उतरली की ती घेणारे क्षेत्रही घटते. एका सिलिंडरवर अनेक ब्रूडर जोडले की तो गार पडतो, प्रसंगी त्यावर दव वा हिम धरते. अशा वेळी सिलिंडरखाली निखारे ठेवणे किंवा तो ब्रूडरजवळ आणणे हा शुद्ध अविचार आहे. दोन सिलिंडर एकत्र जोडले की काम भागते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर या व्यवसायात वापरण्यास २००० सालच्या आदेशान्वये मनाई आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा.

पेटवताना आधी काडी, मग गॅस. ज्योत विझताच गॅस बंद करणारी झडप असलेल्या ब्रूडरमध्ये बटण काही सेकंद दाबून धरावे लागते. तो वेळ वाचवण्यासाठी झडप निकामी करून टाकण्याची क्लृप्ती काही जण करतात, ती अक्षम्य होय. ब्रूडर साखळीने पक्का टांगावा, दोरीने नव्हे. उंची कमी-अधिक करताना तापमापकाइतकीच पिल्लांची ठेवण पाहावी. ती ब्रूडरखाली दाटली तर ऊब कमी, कडेला पळून चोची उघडून धापा टाकू लागली तर जास्त, एकाच बाजूस गोळा झाली तर दुसरीकडून वारा येतो आहे, आणि सर्वत्र सारखी पसरली तर ठीक.

राखणदार थंडीच्या रात्री त्याच उबेत, शेडमध्येच झोपतो. त्याची खाट बाहेरच असली पाहिजे. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही कार्बन मोनॉक्साइडची पहिली लक्षणे झोपेत कळत नाहीत. कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी त्याला उघड्यावर आणावे, गॅस बंद करून सर्व पडदे सोडावेत आणि विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. तेथे विषारी वायूची शंका आवर्जून सांगावी, म्हणजे प्राणवायू ताबडतोब सुरू करता येतो.