कोपऱ्यातल्या चौकटीतलं युद्ध

जेऊरला पेपर हातात पडला की आम्ही पोरं आधी व्यंगचित्र शोधायचो, बातम्या मागाहून. ती खोड अजून आहे. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली चित्रं पाहताना त्या वेळचा वाचक माझ्या डोळ्यांपुढं येतो. रेशन, कागदटंचाई, सेन्सॉर, आणि या सगळ्यात हसायला मिळणारी एवढीशी चौकट.

१८९१ साली दोन चित्रकार जन्मले. शंकरराव किर्लोस्कर आमच्या सोलापुरात, डेव्हिड लो न्यूझीलंडमध्ये. शंकररावांनी ‘किर्लोस्कर’ मासिकातून घरातल्याच शत्रूशी, रूढी आणि अंधश्रद्धेशी झुंज घेतली. लो लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये हुकूमशहांच्या मागं लागले.

युद्ध तोंडावर असताना, १९३७ मध्ये, लोंनी ‘हिट अँड मस’ ही चित्रमालिका काढली. हिट म्हणजे हिटलर, मस म्हणजे मुसोलिनी. जर्मनीला जाऊन आलेले ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी ही चित्रं सलोख्याच्या आड येतात असं कळवलं. लोंनी ती जोडी थांबवली आणि दोघांना एकाच देहात कोंबून ‘मझलर’ जन्माला घातला. मला हे धाडस फार मोठं वाटतं.

२० सप्टेंबर १९३९ चं त्यांचं चित्र तर जवळ धरून पाहावं. हिटलर आणि स्टालिन टोपी काढून, कमरेत वाकून एकमेकांना अदबीनं नमस्कार करताहेत. मध्ये जमिनीवर एक प्रेत. तो पोलंड. हसू ओठांवर येतं आणि तिथंच थिजतं.

त्या वर्षी बाळ ठाकरे तेरा वर्षांचे होते. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त येणारी बॅनबेरी यांची युद्धचित्रं तो मुलगा टक लावून पाहायचा. वडील प्रबोधनकारांनी ते हेरलं आणि त्याला स्वतः चित्रं काढायला लावलं. पुढं ठाकरे लोंनाही फार मानत. १३ ऑगस्ट १९६० रोजी ठाकरेंचं ‘मार्मिक’ निघालं, तेव्हा मराठीला व्यंगचित्रांचं स्वतःचं साप्ताहिक मिळालं.

लो यांचं नाव नाझींच्या अटक करायच्या यादीत होतं, हे युद्ध संपल्यावर उघड झालं. त्यांच्या हातात होती ती फक्त शाई आणि कुंचला.