ओकच्या फळातली बिऱ्हाडं

लंडनच्या रिचमंड पार्कात शेकडो वर्षांचे ओक आहेत. ऑगस्टमध्ये त्यांची फळं नीट पाहिली, तर एखादं वेडंवाकडं फुगलेलं, चिकट, खोल कंगोरे पडलेलं दिसतं. हा 'नॉपर गॉल'. चिमुकली गांधीलमाशी कोवळ्या फळात अंडं घालते. मग झाडाच्या पेशी भलत्याच वाढतात आणि अळीला आयतं घर नि खाणं मिळतं.

या माशीला दोन जातींचे ओक लागतात.

इंग्लिश ओकवरच्या गॉलमधून वसंतात फक्त माद्या निघतात. त्या टर्की ओकच्या नरफुलांवर अंडी घालतात. तिथले गॉल जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे, त्यामुळे भिंग घेऊन लोंबते तुरे एकेक करून तपासावे लागतात. टर्की ओक 18व्या शतकात शोभेसाठी ब्रिटनमध्ये आला. उद्यानांत दोन्ही ओक शेजारी-शेजारी सापडतात, म्हणून शोध तिथेच सोपा.

आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात ते मायफळ म्हणजेही पश्चिम आशियातल्या ओकवरचा गॉलच. त्यावर बारीक भोक दिसलं, तर माशी उडून गेली असं समजावं. बिनभोकाच्या मायफळात टॅनिन जास्त असतं.