घड्याळाबरोबर चालणारं बेट

‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ हा निन्टेन्डो स्विचवरचा खेळ मार्च २०२० मध्ये आला. यात हार-जीत नाही. बेटावर राहायला जायचं, मासे पकडायचे, प्राणी-शेजाऱ्यांशी गप्पा मारायच्या. घरासाठी टॉम नूक नावाचं पात्र कर्ज देतं, तेही बिनव्याजी आणि बिनमुदतीचं!

खरी गंमत वेळेची. खेळ कन्सोलच्या घड्याळावर चालतो. रात्री अकराला टीव्ही लावलात तर बेटावरचं दुकान बंद. बरेच दिवस फिरकला नाहीत तर तण माजतं.

रविवारी सकाळी रानडुकराची एक पोर डोक्यावर सलगम घेऊन विकायला येते. बाराच्या आत घ्यायचे. सोमवारपासून दुकानातला भाव दिवसातून दोनदा बदलतो. शनिवारपर्यंत विकले नाहीत तर सडतात. जपानीत ‘काबु’ म्हणजे सलगम आणि शेअरसुद्धा.

या मालिकेचा पहिला खेळ २००१ चा. कर्ते कात्सुया एगुची चिबा सोडून नोकरीसाठी क्योतोला आले आणि घरच्या माणसांची उणीव त्यांना जाणवू लागली. त्यातूनच हा खेळ सुचला. मला यातलं सर्वात जवळचं वाटतं ते हेच: एका कन्सोलवर एकच बेट, साऱ्या घराचं. दुपारी मुलीनं लावलेल्या फुलांना रात्री बाबा पाणी घालतात.