एडनच्या आखातांतील आग आणि आपलें नौदल

रत्नागिरीकडील घरांतून मुलगा, भाचा किंवा जांवई ‘बोटीवर’ असणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. म्हणूनच २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधील हूथींनीं तांबड्या समुद्रांत व पुढें एडनच्या आखातांत व्यापारी जहाजांवर हल्ले आरंभिले, तेव्हां त्या बातम्या आमच्याकडे केवळ राजकारण म्हणून वाचल्या गेल्या नाहींत. आधीं पाहिलें जाई तें जहाजाचें नांव.

त्याच डिसेंबरांत अमेरिकेनें कित्येक राष्ट्रांचा संघ करून जहाजांच्या रक्षणाचें कार्य हातीं घेतलें. पाश्चात्य युद्धनौकांनीं येणारीं क्षेपणास्त्रें व वैमानिकाविना उडणारीं विमानें अंतराळींच पाडलीं. आपला देश त्या संघांत गेला नाहीं. हें भित्रेपणाचें लक्षण, असें कोणी म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. परक्याशीं जूट करतांना शेवटीं आरमार कोणाचें उरतें हें पाहावें लागतें. १७५६ सालीं नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांच्या साह्यानें तुळाजी आंग्र्यांवर स्वारी केली. विजयदुर्गाखालीं जळालें तें मराठ्यांचेंच आरमार! तथापि संघांत न जाणें निराळें आणि स्वस्थ बसणें निराळें.

२३ डिसेंबर २०२३ रोजीं गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारें २०० सागरी मैलांवर ‘केम प्लूटो’ या जहाजावर आघात झाला, तेव्हां नौदलानें ‘मोरमुगाव’, ‘कोची’ व ‘कोलकाता’ या विनाशिका अरबी समुद्रांत ठेवल्या; दूरवर नजर ठेवण्यासाठीं ‘पी-८ आय’ विमानें धाडलीं. या तिन्ही विनाशिका मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेल्या. त्यांच्या रडारास चार मुखें असल्यामुळें तें गरगर न फिरतां चोहोंकडे एकाच वेळीं पाहतें. इस्रायलच्या सहकार्यानें सिद्ध केलेलें ‘बराक’ क्षेपणास्त्र डेकखालीं उभें ठेवलेलें असतें; त्याचा पल्ला सुमारें ७० किलोमीटर. परंतु पाण्यालगत उडत येणारें अस्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळें फार उशिरां दृष्टीस पडतें, आणि मग हातीं उरतो तो एक-दोन मिनिटांचा अवधि. शिवाय हें कवच विनाशिकेच्या आसमंतापुरतें. प्रत्येक व्यापारी जहाजाशेजारीं ती असणें शक्य नाहीं.

२६ जानेवारी २०२४ रोजीं, इकडे प्रजासत्ताकदिनाचे समारंभ होत असतां, ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजास एडनच्या आखातांत क्षेपणास्त्र लागलें. पोटांत नॅफ्था, तो पेट्रोलासारखाच ज्वालाग्राही. जहाजावर २२ भारतीय व १ बांगलादेशी. मदतीची हांक ऐकून ‘विशाखापट्टणम’ ही विनाशिका (हीही माझगांवचीच) धांवून गेली आणि आग विझविणाऱ्या १० जणांची तुकडी तिनें पेटत्या जहाजावर चढविली. संघांत नसलों तरी येथें फ्रेंच व अमेरिकन नौकाही आपल्याबरोबर साह्यास होत्या. सुमारें सहा तासांच्या झुंजीनंतर आग आटोक्यांत आली. एकही खलाशी दगावला नाहीं. क्षेपणास्त्र पाडल्याची वार्ता मोठ्या अक्षरांत छापली जाते. पायांखालीं नॅफ्था असतां सहा तास आगीशीं झुंजणें त्याहून उणें खास नव्हे.

दर वेळीं मात्र असें घडलें नाहीं. ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलें. ‘कोलकाता’नें हेलिकॉप्टर व होड्या सोडून २१ जणांना उचललें, जखमींवर उपचार केले व सर्वांस जिबूतीस पोंचविलें. त्यांत एक भारतीय होता. जहाजावरील तिघे, दोन फिलिपिनो व एक व्हिएतनामी, त्या आघातांतच प्राणांस मुकले होते.